भंगाराच्या काट्यावरची उचल

जळगावच्या एमआयडीसीत विणली जाणारी रंगीत प्लास्टिकची चटई महाराष्ट्रात कुठेही अंथरलेली सापडते. तिच्यातला दाणा बहुधा नवा नसतो. फुटक्या खुर्च्या, तडकलेल्या बादल्या, सिमेंटची रिकामी पोती आणि विटलेल्या जुन्या चटया वितळवून तो काढलेला असतो. पहाटे गोणी घेऊन निघालेली बाई किंवा हातगाडीवाला माल भंगारच्या दुकानात आणतो. तिथून तो गोडाऊनला जातो. गोडाऊनमध्ये निवड होते, ग्राइंडरमधून गिट्टी निघते, ती धुऊन, वाळवून, वितळवून तिचा दाणा होतो आणि दाणा चटईच्या कारखान्यात पोचतो. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथला माल मालेगावलाही जातो आणि जळगावलाही. शेतातून उपटलेल्या ठिबकच्या नळ्यांची वाट अशीच, फक्त शेवटचा कारखाना वेगळा.

या वाटेवर कुठे माणूस बांधला जातो का, हा प्रश्न आता कारखानदारांना लेखी विचारला जाऊ लागला आहे. त्यावर दोन प्रामाणिक माणसांचं एकमत होत नाही. ती दोन माणसं मी इथे समोरासमोर बसवली आहेत. जळगावात दाण्याचा आणि चटईचा कारखाना चालवणारे मामा, आणि पुण्यात एका मोठ्या खरेदीदार कंपनीत पुरवठादारांची तपासणी करणारी त्यांची भाची. दोघं लेखापुरती योजलेली आहेत. त्यांच्या तोंडी आलेले कायदे, निकाल आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

मामा : तुझ्या कंपनीचा फॉर्म आलाय. शेवटच्या पानावर विचारलंय, तुमच्याकडे आणि तुम्हाला माल देणाऱ्यांकडे सक्तीची मजुरी आहे का, हो की नाही? पोरी, तीस वर्षं मी माणसं सांभाळली. कोणाच्या पोरीच्या लग्नाला पैसे दिले, कोणाला रात्री दवाखान्यात नेलं. आणि आता मला विचारतात, तू गुलाम ठेवतोस का?

भाची : मामा, प्रश्न तुमच्या स्वभावाबद्दल नाही. इंग्लंडमध्ये २०१५ सालचा कायदा आहे. वर्षाला तीन कोटी साठ लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी जाहीर करावं लागतं, की आपल्या कामात आणि पुरवठ्यात बळजबरीची मजुरी नसावी म्हणून आपण काय केलं. ऑस्ट्रेलियात २०१८ सालचा तसाच कायदा आहे. आपल्याकडे सेबीने बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२–२३ पासून जो अहवाल सक्तीचा केला, त्यातही हा प्रश्न आहे. आमची कंपनी तुमच्याकडून माल घेते, म्हणून तो तुमच्या टेबलावर आला.

मामा : म्हणजे लंडनमधल्या माणसाचं मन हलकं व्हावं म्हणून जळगावच्या माणसाने सही करायची.

भाची : लंडनवाल्यांच्या घरातही हेच झालं होतं. २०१९ साली बर्मिंगहॅमच्या न्यायालयात एका टोळीला शिक्षा झाली. पोलंडहून चारशेच्या वर गरजू माणसं आणून त्यांनी शेतांवर आणि कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रांवर राबवली होती. पगार कामगारांच्या नावाने निघायचा आणि जायचा टोळीच्या खिशात. ज्या केंद्रांवर ही माणसं उभी होती त्यांचे कागद नीटनेटके होते.

मामा : मग तू स्वतःच सांगतेस, की कागद नीट असून काही होत नाही.

भाची : हो. म्हणूनच मला तुमच्या कारखान्याचे कागद बघायचे नाहीत. पीएफ भरता, हजेरीपुस्तक आहे, पगार बँकेत जातो, हे मला माहीत आहे. मला सांगा, गिट्टी कुठून येते?

मामा : चार-पाच गोडाऊनवाले आहेत. जुनी माणसं.

भाची : आणि त्यांना माल कोण आणतं?

मामा : वेचणारे, फेरीवाले. प्रत्येक गोडाऊनवाल्याची आपली माणसं ठरलेली असतात.

भाची : ठरलेली कशी होतात?

मामा : उचल देऊन. आता तू त्यावर येणार, मला ठाऊक आहे.

उचल हा शब्द खानदेशात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आणि भिल्ल समाजातले लोक, शिरपूर, चोपडा, यावलकडची कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात ती मुकादमाची उचल घेऊन. वीटभट्टीवर जातात तीही उचल घेऊनच. दसरा-दिवाळीच्या सुमारास पैसे हातात पडतात आणि पुढचे सहा महिने त्या पैशांच्या मालकीचे होतात. भंगारच्या धंद्यातली उचल लहान असते, पण ती हंगामाबरोबर संपत नाही. या लेखात मला सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीवर घालवायचा आहे, कारण फॉर्ममधले बाकीचे रकाने भरता येतात, आणि हा रकाना फॉर्ममध्ये असतच नाही.

मामा : ऐक. गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईला बँक उभी करत नाही. तिच्याकडे भाडेकरार नाही, कधी रेशनकार्डही नाही. पोराला रात्री अकराला ताप आला तर ती कोणाचं दार वाजवणार? गोडाऊनवाल्याचं. तो दोन हजार काढून देतो. व्याज लावत नाही. त्याच्या बदल्यात ती माल त्याच्याच काट्यावर आणते. यात जुलूम कुठे आला?

भाची : काट्यावर भाव काय मिळतो?

मामा : बाजारापेक्षा रुपया-दोन रुपये कमी. तोच त्याचा नफा. व्याज घेत नाही म्हटलं ना.

भाची : आणि तिला शेजारच्या दुकानात जास्त भाव मिळत असेल तर?

मामा : उचल फेडेपर्यंत कशी जाईल? धंद्यात शब्द असतो ना काही.

भाची : मामा, १९७६ सालचा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आहे. आधी ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम आला, मग फेब्रुवारीत कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमात वेठबिगारी कशाला म्हणायचं ते लिहिलंय. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे माणूस चारपैकी एक गोष्ट गमावून बसला, तर ती वेठबिगारी. पहिली, फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबणं. दुसरी, ठरावीक काळ दुसरीकडे काम करण्याचा हक्क जाणं. तिसरी, देशात कुठेही जाण्या-येण्याचा हक्क जाणं. या तीन सगळ्यांना माहीत असतात. चौथी कोणी वाचत नाही. आपल्या किंवा आपल्या घरच्या माणसांच्या श्रमातून मिळालेली वस्तू बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणं.

मामा : बाजारभावाने विकण्याचा?

भाची : बाजारभावाने. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा भंगार नसेल. पिकलेलं धान्य सावकाराच्याच खळ्यावर टाकणारं कूळ असेल, मासळी एकाच व्यापाऱ्याला देणारा कोळी असेल. पण शब्द तुमच्या गोडाऊनच्या काट्याला जसेच्या तसे लागू पडतात. उचल दिली, माल माझ्याकडेच, आणि भाव बाजाराहून कमी.

मामा : म्हणजे जळगाव-धुळ्यातला प्रत्येक भंगारवाला गुन्हेगार?

भाची : नाही. उचल देणं गुन्हा नाही. वेतनाच्या कायद्यानेही पगारदाराला आगाऊ रक्कम देता येते आणि हप्त्याने कापता येते, फक्त सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. ज्या दिवशी तुम्ही म्हणता, पैसे फिटेपर्यंत दुसऱ्या काट्यावर जायचं नाही, त्या दिवशी ओळ ओलांडली जाते. ती बाई म्हणाली, की मी दुसरीकडे जास्त भावाने विकते आणि तुझे पैसे रोख फेडते, तर गोडाऊनवाला हो म्हणेल का? एवढं एक विचारून या. उत्तर हो असेल, तर तो सावकार नाही, शेजारी आहे.

मामांनी इथे उत्तर दिलं नाही, आणि मला ते योग्य वाटतं. या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात बसून देता येत नाही. अशा उचलीचा हिशेब बहुतेक गोडाऊनवाल्याच्या वहीत असतो. घेणाऱ्याकडे काहीच लेखी नसतं. किती फिटले, किती राहिले, हे ज्याचं येणं आहे तोच सांगतो. नवरा आजारी पडला तर बायको फेडते, ती थकली तर मोठी मुलगी शाळा सोडून गोणी उचलते. त्याच कायद्याचं कलम १५ म्हणूनच महत्त्वाचं आहे. एखादं कर्ज वेठबिगारीचं आहे, असं घेणाऱ्याने म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. कलम ६ प्रमाणे असं कर्ज बुडीत धरलं जातं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दंडाची रक्कम १९७६ ची आहे आणि आज ती लाजिरवाणी वाटते, पण कलम १५ आजही धारदार आहे.

मामा : बरं. समजा मी सगळ्या गोडाऊनवाल्यांना सांगितलं, उचल बंद. उद्यापासून ती बाई ताप आलेल्या पोराला घेऊन कोणाकडे जाईल? तुमची कंपनी पैसे देणार आहे?

भाची : बंद करा म्हणत नाही मी. बांधणं बंद करा म्हणते. आणि पर्याय उभा करता येतो, तो पुण्यात उभा राहिला आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव पाठीशी होते, एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या बायका होत्या. वेचणाऱ्या बायकांनी आधी महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळवली, मग स्वतःची पतसंस्था काढली, स्वतःची भंगार दुकानंही चालवली. पुढे २००७–०८ च्या सुमारास त्यांच्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेने तिला दिलं. पतसंस्थेतून घेतलेलं कर्ज कोणत्या काट्यावर माल घालायचा हे ठरवत नाही.

मामा : पुण्याची गोष्ट पुण्यात. तिथे संघटना होती, आढाव होते, वर्तमानपत्रं होती. माझ्या गोडाऊनला माल आणणाऱ्या बायका चार वस्त्यांतल्या, कोणी विदर्भातून आलेली, कोणी मध्य प्रदेशातून. त्यांना एकत्र कोण आणणार? आणि तोवर?

भाची : हे तुमचं खरं आहे. तोवर काय, याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. एक लहान आहे. केंद्राच्या नमस्ते योजनेत २०२४ पासून कचरा वेचणाऱ्यांची नोंदणी घेतात, त्यातून ओळखपत्र आणि आयुष्मानचं कार्ड मिळतं. दवाखान्याची उचल तरी त्याने टळेल. तुमच्या गोडाऊनवाल्यांनी माल आणणाऱ्या बायकांची नावं महापालिकेत नेऊन नोंदवावीत, एवढं तुम्ही सांगू शकता.

मामा : ते मी सांगेन. पण तुला एक आठवण करून देतो. ३० मे २०२३. दानापूर–पुणे एक्सप्रेस. भुसावळ आणि मनमाडला ५९ पोरं उतरवली. बिहारच्या अररियाकडची. सगळीकडे बातमी, मुलांची तस्करी पकडली म्हणून. मदरशाचे शिक्षक सोबत होते, त्यांना अटक केली, चार आठवडे तुरुंगात ठेवलं. पोरांना बालगृहात. पुढे मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी प्रकरणच बंद केलं, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून. पोरं शिकायला निघाली होती. आमच्या भुसावळ स्टेशनावर हे झालं. तुमच्या या सुटकेच्या मोहिमा गरिबाच्या अंगावर येतात, हे तू मान्य करणार की नाही?

भाची : मान्य करते. त्या आई-बापांना विचारण्याआधी बातमी झाली, ते चुकीचंच होतं. बळजबरी शोधायची तर आधी त्या माणसाला विचारावं लागतं, आणि तो कोणत्या धर्माचा, कोणत्या राज्याचा यावरून अंदाज बांधता येत नाही.

मामा : मग?

भाची : मग दुसरी बाजूही ऐका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इगतपुरीजवळच्या उभाडे गावातली कातकरी समाजाची लहान मुलगी मेली. मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. तिच्या मृत्यूनंतर चौकशी झाली, तेव्हा कळलं की थोड्या रुपयांवर आणि एखाद्या मेंढीवर कातकऱ्यांची मुलं अशी वर्षानुवर्षं दिली जात होती. नाशिक जिल्हा, आपल्या शेजारचा. तिथे कोणी आधी विचारलं नाही. एकीकडे न विचारता सुटका, दुसरीकडे न विचारल्यामुळे मरण. दोन्हीकडे चूक तीच आहे, त्या माणसाशी कोणी बोललं नाही.

मामा : आणि सुटलेल्यांचं काय होतं? पैसे मिळतात म्हणे.

भाची : केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला एक लाख, बाई किंवा मूल असेल तर दोन, फार भीषण प्रकरण असेल तर तीन. तातडीची मदत लगेच मिळते, तीस हजारांपर्यंत. पूर्ण रक्कम मात्र खटल्यात शिक्षा होण्याशी जोडलेली. तुम्ही विचारण्याआधी सांगते, हे चुकीचं आहे. न्यायालयाचा वेळ लागतो म्हणून सुटलेला माणूस परत त्याच मुकादमाकडे जातो.

वाद आतापर्यंत गोडाऊनपर्यंत होता. मामांनी तो महापालिकेच्या दारात नेला, आणि माझ्या मते तिथे त्यांचं पारडं जड होतं.

मामा : तुम्ही सगळे माझ्यामागे लागता. गावाच्या कचऱ्याचा सगळ्यात मोठा मालक कोण? महापालिका. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका २००३ साली झाल्या. घंटागाड्या, झाडलोट, वाहतूक यांतलं किती काम ठेक्यावर जातं ते तुला सांगायला नको. निविदेत जो सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम. डिझेलचा भाव ठरलेला, गाडीचा हप्ता ठरलेला. कमी कशात करणार? माणसाच्या मजुरीत. ज्या दराला किमान वेतन देताच येत नाही, तो दर जी यंत्रणा मंजूर करते, तिला फॉर्म कोण पाठवणार?

भाची : सर्वोच्च न्यायालयाने पाठवलाय, १९८२ साली. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती, तेव्हाचं प्रकरण. न्यायमूर्ती भगवती म्हणाले, पोटाच्या सक्तीने माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरी कबूल करतो, तेव्हा तीही घटनेच्या कलम २३ खाली येणारी सक्तीची मजुरीच. हातात चाबूक असण्याची गरज नाही. आणि ठेकेदाराकडून कायदा पाळून घेणं हे काम करवून घेणाऱ्या सरकारी यंत्रणेचं कर्तव्य आहे, हेही त्यातच आहे.

मामा : चाळीसहून जास्त वर्षं झाली त्याला. पाळलं कोणी?

भाची : भांडणाऱ्यांनी पाळायला लावलं. मुंबईत झोपडपट्ट्या झाडणाऱ्यांना दत्तक वस्ती योजनेत स्वयंसेवक म्हणायचे आणि मजुरीला मानधन. नाव बदललं की किमान वेतन लागू नाही, असा हिशेब. तिथेच कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढा दिला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने निकाल दिला, की ठेका नावापुरता आहे, ठेक्यावरचे २,७०० सफाई कामगार महापालिकेचेच. महापालिका उच्च न्यायालयात हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ ला तिथेही कामगार जिंकले.

मामा : २,७०० जिंकले. मुंबईत. त्यात किती जण निकाल ऐकायला जिवंत नव्हते?

भाची : बरेच. ते काम माणसाला लवकर संपवतं.

मामा : आणि कायम झाल्यावर तरी काय? लाड-पागे समितीच्या शिफारशीवरून सफाई कामगाराच्या जागी त्याचा वारस लागतो. बापाचा झाडू पोराच्या हातात. पोरगा बी.कॉम. झाला तरी. याला तू सुटका म्हणतेस?

भाची : वारसाला नोकरी नाकारली तर त्या घरात आलेला एकमेव कायम पगार जातो. तो हक्क त्यांनी टिकवला, ते बरोबरच केलं. पण बी.कॉम. झालेल्या पोराला झाडूशिवाय दुसरी जागा मिळत नाही, तो दोष वारसा हक्काचा नाही. तो जातीचा आहे. कचरा कोणी उचलायचा हे आपण जन्मावरून ठरवून ठेवलंय आणि म्हणून त्याची मजुरी हलकी. धुळ्याच्या शरद पाटलांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिताना जी गाठ दाखवली, जातीची आणि बांधलेल्या श्रमाची, ती घंटागाडीच्या मागे धावणाऱ्या माणसाकडे पाहिलं की दिसते. कंपन्यांच्या फॉर्ममध्ये जात हा रकाना नसतो. तिथे तो फॉर्म कच्चा आहे, हे मी माझ्या साहेबांनाही सांगितलंय.

मामा : मग दर. त्यावर बोल. तुझी कंपनी मला दर वर्षी सांगते, दोन टक्के कमी करा. त्याच पाकिटात हा फॉर्म. मी गोडाऊनवाल्याचा भाव पाडतो, तो काट्यावर बाईचा भाव पाडतो. प्लास्टिक पॅकिंगवाल्या कंपन्यांना २०२२ च्या नियमांनी आपला कचरा परत गोळा करून दाखवावा लागतो, त्याची प्रमाणपत्रं विकली जातात. प्रमाणपत्र टनावर मिळतं. वेचणाऱ्या बाईला त्यातला पैसा कधी पोचला?

भाची : पोचत नाही. आणि दोन टक्क्यांचं तुम्ही म्हणता ते आमच्यावरचं खरं दूषण आहे. भाव पाडायचा आणि वर शुचितेची सही मागायची, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. मी अहवालात ते लिहीन. माझं ऐकतीलच असं नाही.

मामा : लिही. मग मीही ऐकतो. सांग, मला काय करायला लावणार?

भाची : गोडाऊनशी तुमचा खरेदीचा कागद असतो ना, त्यात चार ओळी घाला. दुकानाबाहेर रोजच्या भावाची पाटी. उचलीची नोंद दोन वह्यांत, एक घेणाऱ्याकडे, तिच्या भाषेत, तारीख-रक्कम-बाकी. माल कुठेही विकायची मोकळीक, उचल रोख फेडता येईल. आणि चौथी, गोडाऊनवर राहणाऱ्या परप्रांतीय पोरांचं आधारकार्ड आणि एटीएम कार्ड त्यांच्याच खिशात.

मामा : कार्ड हरवतात म्हणून ठेवतात ते.

भाची : पगाराचं एटीएम कार्ड दुसऱ्याच्या कपाटात असेल, तर पगार बँकेत गेला याला काही अर्थ उरत नाही. आणि एक पाचवी. रात्री बाहेरून कुलूप नको.

मामा : चोऱ्या होतात गं. तांब्याची वायर एका रात्रीत जाते.

भाची : ८ डिसेंबर २०१९, दिल्लीतली अनाज मंडी. कारखान्यातच झोपलेले ४३ कामगार जळून आणि गुदमरून गेले. बहुतेक बिहारचे. प्लास्टिकच्या गोडाऊनला आग लागली तर धूरच मारतो, पळायला मिनिटं मिळतात. बाहेरच्या कुलपाचा अर्थ कायद्याच्या तिसऱ्या अटीत बसतो की नाही, यावर वकील वाद घालोत. माणूस आत आहे आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे, एवढं मला पुरेसं आहे.

मामा : कुलपाचं उद्याच सांगतो. पाटीचंही सांगेन. दोन वह्यांना वेळ लागेल. पण मोकळीक द्या म्हटलं तर दोघे तरी मला माल द्यायचं बंद करतील, शेजारचा कारखाना काही न विचारता घेईल. मी एकटा चांगला राहून बुडालो तर त्या बाईचा काय फायदा?

भाची : एकट्याने नकोच. चटईवाल्यांची संघटना आहे तुमची, सगळ्यांनी एकदम ठरवा.

मामा : संघटनेत हा विषय मी काढेन. होईल असा शब्द देत नाही. आणि फॉर्मवर नाही या रकान्यात टिक करणार नाही. जिथून गिट्टी येते तिथलं मी स्वतः विचारलेलं नाही, तर नाही कसं लिहू? माहीत नाही, तपास सुरू आहे, असं लिहितो. चालेल?

भाची : आतापर्यंत आलेल्या फॉर्मांत इतकं खरं उत्तर मी वाचलेलं नाही.

दोघांचं भांडण दरावर अडलं आहे आणि तिथेच ते राहील, कारण त्या जागी दोघांचे मालक वेगळे आहेत. माझं मत सांगायचं तर उचलीच्या प्रश्नावर भाची बरोबर आहे आणि दराच्या प्रश्नावर मामा. गोडाऊनवाल्याच्या वहीला कायद्याखाली आणायचं आणि महापालिकेची निविदा, मोठ्या कंपनीची खरेदी मोकळी सोडायची, हे न्यायाला धरून नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. १९७६ चा वेठबिगारीचा कायदा त्यांत नाही, तो स्वतंत्रपणे तसाच उभा आहे. ठेकेदाराने वेतन थकवलं तर ज्याच्या आस्थापनेत काम चालतं त्याने ते द्यावं, ही तरतूद नव्या वेतन संहितेतही कायम आहे. म्हणजे हत्यारं आहेत.

जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांनी पुढची सफाईची निविदा काढताना मजुरीची रक्कम दराच्या स्पर्धेतून बाहेर काढावी. किमान वेतन, पीएफ आणि विमा यांचा आकडा महापालिकेनेच लिहावा आणि ठेकेदारांनी उरलेल्या खर्चावर स्पर्धा करावी. प्रत्येक महिन्याच्या पगाराची यादी वॉर्ड कार्यालयाबाहेर लागावी. वेठबिगारी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला एक दक्षता समिती असायला हवी. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी या समित्यांच्या बैठका भंगारच्या गोडाऊनपर्यंत न्याव्यात, आणि तिथे गेल्यावर आधी त्या बाईशी बोलावं, मालकाशी नंतर.

वाचकांपैकी कोणाच्या वस्तीत असा काटा असेल, जिथे उचल घेतलेल्या माणसाला दुसरीकडे माल विकू देत नाहीत, तर त्या माणसाची संमती घेऊन प्रांताधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. कर्ज वेठबिगारीचं आहे हे त्याला सिद्ध करावं लागणार नाही. तसं ते नाही, हे उचल देणाऱ्याला सिद्ध करावं लागेल.